मासे विकायची वेळ

वर्षाली तारीची उंची पाच फूट अकरा इंच. त्यामुळे लपायची सोय देवाने तिला मुळातच दिली नव्हती. सर्जेकोटच्या बंदरावर उभी राहिली तर होडीवरून ओळखू यायची, मालवणच्या बाजारात शिरली तर पार दुसऱ्या टोकाच्या भाजीवालीला दिसायची. आणि दिसली की हाक आलीच.

"ओ वर्षालीताय! जरा थांबा मगे!"

थांबलं की संपलं. कुणाला भाच्यासाठी तिच्याबरोबर फोटो हवा असे. कुणाला तिने कधीकाळी टीव्हीवर मारलेला व्हॉलीबॉलचा स्मॅश तिलाच समजावून सांगायचा असे, आणि सांगताना हातातली भाजीची पिशवीही त्याच जोराने फिरवायची असे. खोबरेल तेल आणायला गेलेली वर्षाली जेवायच्या वेळी घरी यायची, आणि तेल आणायचं राहिलेलं असायचं.

लोकांचं प्रेम खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत होती. खोटं असतं तर झटकून टाकता आलं असतं.

सर्जेकोटच्या गाबितांची ही मुलगी. बाप दाजी रापणीवर मासे धरायला जाई, आई पद्मावती मालवणच्या बाजारात मासे विकी. शाळेच्या मागच्या पुळणीवर गुरुजींनी दोन माडांना जाळं बांधलं आणि पोरांना चेंडू दिला. वर्षाली तेव्हाच मुलग्यांहून हातभर उंच. चौदाव्या वर्षी तिला क्रीडा वसतिगृहात नेलं, एकोणिसाव्या वर्षी रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी लागली. मग राज्याचं कप्तानपद, देशाची जर्सी, आणि शेवटी दोन हंगाम मालदीवमधल्या एका क्लबकडून पगारी खेळणं. चेंडू मारायचा पगार मिळतो हे दाजीला कळलं तेव्हा तो आठवडाभर भेटेल त्याला विचारत होता, "खरा आसात काय रे ता?"

मग उजवा गुडघा गेला. दोनदा उघडला, दोनदा शिवला. उडी संपली. काही वर्षं तिने रेल्वेच्या कचेरीत टेबलावर काढली, पण त्या खुर्चीत तिचे पाय मावायचे नाहीत आणि जीव तर अजिबातच मावायचा नाही. नोकरीचे दिवस भरले तशी तिने स्वतःहून निवृत्ती घेतली, पेन्शन बांधून घेतली आणि एकोणचाळिसाव्या वर्षी घरी आली. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल वाडीत जे बोलायचं ते बोलून झालं होतं. दोन वेळा आईच्या हातचं जेवावं, संध्याकाळी बंदरावर बसावं, एवढीच तिची मनीषा होती.

पण गावाने तिला उद्घाटनांना जुंपलं. मोबाइलचं दुकान, पिठाची गिरण, केस कापायचं सलून, सगळ्यांच्या फिती तिने कापल्या. प्रत्येक ठिकाणी शाल, नारळ आणि शेवटी तेच, "ताय, एक स्मॅश होऊंदे!" गुडघ्याचं सांगितलं की लोक म्हणायचे, "हळू मारा." हळू मारलेला स्मॅश कसला असतो हे तिला कुणी सांगितलं नाही. सलूनमध्ये तिने मारला, तर आरसा फुटला. मालकाने तो तसाच ठेवला आणि वर पाटी लावली, वर्षाली तारी यांनी फोडलेला आरसा.

ती आली त्याच वर्षी दिवाळीच्या आधी पद्मावती बंदराच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरली. खांद्याचं हाड मोडलं. कुडाळच्या डॉक्टरांनी पट्टी घालून हाड बसवलं, पण डोक्यावर माशांची पाटी घ्यायची नाही म्हणून बजावलं. पद्मावती घरी बसली. बाजारातली तिची जागा रिकामी पडली, आणि रिकाम्या जागेवर दुसरी कुणी बसायला बाजारात फार दिवस लागत नाहीत.

"मी बसतंय तुझ्या जागेर," वर्षाली म्हणाली.

पद्मावतीला हसू आलं. "तू? तुका पेडवो आनि तारलो यांतलो फरक तरी कळता काय गो?"

"शिकतंय."

"ह्या वयात?"

"माका अजून चाळीस लागाक नाय, आये."

शिकणं सोपं नव्हतं. पहाटे बंदरावर लिलाव चाले. पहिल्या दिवशी तिने केस सावरायला हात वर केला आणि एक टोपली शिंगाळी तिच्या नावावर पडली. ती विकता विकता तिला संध्याकाळ झाली. आईच्या शेजारच्या ओट्यावर जन्मभर बसलेली लक्ष्मीकाकी तिला मासा कापायला शिकवायची आणि शिकवता शिकवता कपाळाला हात लावायची. "अगो, ता पापलेट आसा, लाकूड न्हय!"

त्याहून अवघड होतं विकणं. गिऱ्हाईक समोर येई, तिला ओळखी, आणि भावच करीत नसे. काही जण सांगेल तेवढे पैसे ठेवून मान खाली घालून निघून जात, जसं काही एखाद्याच्या घरी सुतकाला आले होते. काही जण उलट, आपलीच वर्षाली म्हणून दोन बांगडे जास्त टाकून घेत. भांडत कुणीच नसे. आणि मासळीबाजारात ज्याच्याशी कुणी भांडत नाही तो विकणारा कसला?

एक दिवस कट्टा गावाहून एसटीने आलेली एक म्हातारी समोर उभी राहिली. तिला व्हॉलीबॉलचं काहीएक सोयरसुतक नव्हतं. तिने बांगडा उचलला, कल्ला उघडून बघितला आणि म्हणाली, "ह्या बांगड्याचे डोळे बघ गो. तुझ्यापरास जास्त झोपेत आसत."

वर्षालीने कमरेवर हात ठेवले. दोघी चांगल्या घासाघीस करून भांडल्या. शेवटी म्हातारीने तिला पार नमवून, आपल्याच भावात बांगडे नेले. वर्षाली घरी आली ती हसतच. आईला सगळं साग्रसंगीत सांगितलं.

"हरलंस ता हरलंस, आनि वयर हसतंस?" पद्मावती म्हणाली. पण तीही हसत होती.

असे दोन-तीन महिने गेले. वर्षालीचा हात बसत चालला होता. आणि मग सिद्धेशने व्हिडिओ केला.

सिद्धेश वाडीतलाच. मालवणातल्या खाणावळी, किनारे, मासे यांचे व्हिडिओ करून मोबाइलवर टाकायचा. त्या दुपारी तो बाजारात आला तेव्हा वर्षाली सुरमईची खवलं काढत होती. एक खवल डोळ्यात उडालं, तिने दंडाने डोळा पुसला. मग उठायला गेली तर गुडघ्यात कळ आली, गुडघा धरून तिने तोंड वाकडं केलं. सिद्धेशने एवढंच टिपलं, त्याची गती मंद केली आणि मागे बासरी लावली. प्रत्येक दृश्य खरं होतं, आणि सगळी मिळून एक थाप होती. वर त्याचा भरून आलेला आवाज, पुस्तकी मराठीत, "देशासाठी खेळलेल्या या रणरागिणीवर आज मासे विकण्याची वेळ आली आहे. एक लाइक तो बनता है."

दोन दिवसांत तो व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. वर्षालीचा फोन वाजायला लागला तो थांबेना. नागपूरची एक बाई फोनवर ढसाढसा रडली आणि वर्षालीलाच तिची समजूत काढावी लागली. सांगलीच्या एका गृहस्थांनी आपल्या सोसायटीत वॉचमनची जागा देऊ केली, कारण "तुमची उंची चांगली आहे." वर्षाली प्रत्येकाला सांगायची, मला पेन्शन आहे, घर आहे, मी माझ्या मर्जीने बसते. त्यावर पलीकडून उसासा यायचा. "किती स्वाभिमानी आहात हो तुम्ही!"

तिने सिद्धेशला गाठला तो त्याच्या घराच्या पडवीत.

"ता काढून टाक."

"ताय, आता काढून काय उपयोग? लोकांनी उतरवून घेतल्यानी."

"मगे दुसरो कर. खरो. मी स्वतः बोलतंय."

त्याने केला. वर्षालीने कॅमेऱ्यासमोर उभं राहून सगळं नीट, हसतमुखाने सांगितलं. तो व्हिडिओ सिद्धेशच्या मावश्यांनी आणि वाडीतल्या चार जणांनी पाहिला.

"ताय, तुका खरा सांगू?" सिद्धेश अपराधी चेहऱ्याने म्हणाला. "तू खुशीत मासे विकतंस ह्या बघूक कोणाक वेळ आसा? लोकांका रडूक होया."

पुढच्या आठवड्यात फोन आला, कट्ट्याच्या स्टँडवर तुमच्या नावाचं मोठं खोकं येऊन पडलंय. दाजी रिक्षा करून गेला आणि खोकं घेऊन आला. आत चाकांची खुर्ची होती. कुणा दयाळू माणसाने, गुडघा दुखताना पाहून, पाठवलेली. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, त्यामुळे परतही करता येईना. वर्षालीने ती मागच्या पडवीत ढकलली. दाजीने दुसऱ्या दिवशी ती अंगणात आणली, तीत ऐसपैस बसला आणि जाळं शिवायला घेतलं.

"दाजी, उठा थंयसून." सगळं गाव त्याला दाजी म्हणे, म्हणून तीही लहानपणापासून दाजीच म्हणायची.

"पण बसूक बरी आसा गो. कमरेक टेको गावता."

तिने नाद सोडला, आणि ती चूक झाली. त्या दिवसांत वर्षालीचं घर बघायला लोक यायला लागले होते. त्यातल्याच कुणीतरी कुंपणावरून चित्रण केलं. रात्रीपर्यंत दुसरा व्हिडिओ फिरत होता. मुलगी मासे विकते, बाप अपंग होऊन खुर्चीला खिळलाय.

दाजी भडकला. "मी अपंग? सकाळी होडी ढकलल्यान ती कोणान, माझ्या आजयान?" तो खुर्चीतून उठून तरातरा बंदरावर निघाला. वाटेत थांबलेल्या एका मोटारीतल्या माणसांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या, की म्हातारा चालायला लागला.

हे सगळं वर्षालीने सोसलं असतं. पण व्हिडिओ पद्मावतीच्या मुंबईच्या भावापर्यंत पोचला. त्याचा फोन आला, "अक्का, तुमच्यावर एवढी वेळ आली आणि मला कळवलं नाहीस?" पद्मावतीने फोन खाली ठेवला. संध्याकाळी वर्षाली बाजारातून आली, हात धुऊन आत गेली, तेव्हा आई चुलीपाशी नुसतीच बसली होती.

"उद्यापासून बाजारात जाव नको," पद्मावती म्हणाली.

"कित्या?"

"जाव नको म्हणतंय ना."

"आये, जागा जातली आपली."

"जाऊंदे." पद्मावतीने मोडका खांदा चांगल्या हाताने धरला. "मी तेरा वर्षांची होतंय तेवापासून ती पाटी माझ्या डोक्यार आसा. तुझे पयले बूट त्या पाटयेतले. तुझ्या वसतिगृहाची ट्रंक त्या पाटयेतली. तेवा कोणाक माझी कीव नाय इली. आता तू दोन म्हयने बसलंस, तर सगळो देश रडाक लागलो. म्हणजे मी काय जन्मभर भीक मागत होतंय?"

 वर्षाली आईजवळ जमिनीवर बसली. गुडघा दुमडेना, तो तसाच पुढे पसरला. तिला आईला सांगायचं होतं की तिने तो व्हिडिओ स्वतः तीनदा पाहिला होता. पहिल्यांदा संताप आला, दुसऱ्यांदा हसू आलं, आणि तिसऱ्यांदा, त्या बासरीत, त्या उंच थकलेल्या बाईची तिला खरंच दया आली. क्षणभर तिलाही वाटलं, आपलं सगळं संपलंय. दुसऱ्यांचं रडणं असं अंगाला चिकटतं, माशाच्या वासासारखं नाही, त्याहून वाईट, कारण ते लिंबाने जात नाही. पण हे आईला सांगितलं नाही. तिने एवढंच म्हटलं, "मी जातलंय, आये. तुझी जागा मी सोडूचंय नाय."

बाजारात मात्र वेगळाच तमाशा सुरू झाला होता. तिच्या ओट्यासमोर दिवसभर गर्दी, सगळ्यांच्या हातात मोबाइल, आणि मासे घेणारं कुणी नाही. पर्यटकांच्या गाड्या बाहेर आडव्या लागत. नेहमीची गिऱ्हाइकं गर्दी बघून दारातूनच परत जात. आजूबाजूच्या बायकांच्या पाट्या भरलेल्या राहू लागल्या. लक्ष्मीकाकी चार दिवस गप्प राहिली आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "वर्षाली, तुझ्या आवशीखातर मी बोलूक नाय. पण माझे मासे काय तुझ्या फोटोवांगडा खपनत नाय."

ते वर्षालीला लागलं. तिने दुसऱ्या दिवसापासून नियम केला. फोटो हवा असेल तर मासे घ्या, आणि ज्या बाईचे कमी खपलेत तिच्याकडून घ्या. लोकांनी आनंदाने घेतले. मग त्यांना कळलं की आपण हॉटेलात उतरलोय आणि हातात पिशवीभर तारले आहेत. कुणी ते साफ करून मागितले, कुणी भाजून मिळतील का विचारलं, एका जोडप्याने फोटो झाल्यावर पिशवी पाणपोईजवळ ठेवून पोबारा केला. मांजरांची चंगळ झाली. उन्हात सडक्या माशांचा वास सुटला आणि बाजाराबाहेरच्या दुकानदारांनी भांडण काढलं ते वर्षालीशी.

त्या भांडणाच्या मध्येच एक पुढारी आले. फोटोवाले बरोबर. खवलांनी भरलेल्या तिच्या ॲप्रनवर त्यांनी शाल घातली.

"ताई, तुमच्यावर ही वेळ यायला नको होती. आम्ही तुम्हाला नोकरी लावतो."

"साहेब, मी नोकरी सोडून आले."

"मग परत लावू," पुढारी म्हणाले आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. फोटोवाल्याने तिला हातात मासा धरायला सांगितलं. मग म्हणाला, "मॅडम, जरा दुःखी." वर्षालीच्या हातात त्या वेळी चांगली हातभर लांब मोरी मासळी होती. ती तिने त्याच्या तोंडावर मारली नाही, याचं श्रेय खेळाच्या शिस्तीला द्यायला हवं.

मग कुडाळहून शंकरराव परबांचा फोन आला. हे तिकडच्या एका क्रीडा मंडळाचे अध्यक्ष, वर्षाली शाळेत असताना तिच्या सामन्यांना पंच असायचे. माणूस प्रेमळ, म्हणून आणखीच नाइलाज. मंडळाने तिला 'संघर्षकन्या' पुरस्कार जाहीर केला होता.

"सर, माझा काही संघर्ष चालू नाही," वर्षाली म्हणाली. "मी चांगली आहे."

"अगं, तोच तुझा मोठेपणा. आणि बॅनर छापून झालाय."

तिने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा पद्मावती दारात उभी होती.

"जावया आपण," ती म्हणाली.

वर्षालीने फोनवर हात ठेवला. "कित्याक, आये? थंय परत त्याच गजाली करतले."

"माका बघूचा आसा, लोक काय बोलतत ता."

कुडाळचं सभागृह भरलं होतं. स्टेजवर मोठं बॅनर, त्यावर वर्षाली, एका बाजूला चेंडू मारताना, दुसऱ्या बाजूला डोळे पुसताना. पद्मावती पहिल्या रांगेत बसली, ठेवणीतलं लुगडं नेसून, मोडका हात ओटीत ठेवून. निवेदिकेने वाचायला सुरुवात केली. गरिबी, जिद्द, जर्सी, दुखापत. आणि मग आवाज खाली आणून, "पण नियतीने घाला घातला. ज्या हातांनी देशासाठी चेंडू उचलला, त्या हातांवर मासे विकण्याची..."

पद्मावती उठली. स्टेजच्या पायऱ्या ती सावकाश, एकेक करून चढली. निवेदिकेला वाटलं, आई सत्काराला आली, म्हणून तिने हसून जागा करून दिली. पद्मावतीने डाव्या हाताने माइक घेतला.

"तुमी सगळी मोठी माणसां," ती म्हणाली. माइक जवळ धरल्यामुळे तिचा आवाज सभागृहावर आदळला. "माका बोलूक येना नाय. पण ह्या वेळ इली, वेळ इली, काय चल्लाहा? वेळ मरणाची येता. मासे विकूक पहाटे उठूक लागता."

 कुणीतरी मागे खुदकन हसलं.

"माझ्या सासवेन मासे विकल्यान, मी विकलंय. तेच्यार ह्या चेडू एवढा उंच वाढला. बाहेरच्या देशात जावन खेळला, ता बरा झाला. आता आवशीचो हात मोडलो म्हणान ता माझ्या जागेर बसला, ता पण बरा झाला. ह्यात रडूक काय झाला? आनि पुरस्कार कसलो देतास? तिका अजून पेडवे बरोबर मोजूक येनत नाय. शिकली की मगे देवा पुरस्कार."

तिने माइक निवेदिकेच्या हातात दिला आणि खाली उतरू लागली. मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या, आधी बायकांच्या. शंकररावही टाळ्या वाजवत होते, डोळे पुसत होते. निवेदिकेने एक क्षण हातातल्या कागदाकडे बघितलं. कागदावर पुढचं वाक्य तयार होतं, आणि दुसरं तिच्याजवळ नव्हतं. "आईंच्या या हृदयस्पर्शी संघर्षाला," ती म्हणाली, "आपण मानाचा मुजरा करूया."

वर्षालीने स्टेजवर कपाळाला हात मारून घेतला. मग तिला हसू फुटलं, असं की पुरस्कार घेताना खांदे हलत होते. खाली कॅमेरे चालू होते. दुसऱ्या दिवशी त्या व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं, भावनावश झालेली वर्षाली.

परतताना गाडीत पद्मावतीने मोडका हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "लय बोललंय काय गो?"

"नाय. कमीच बोललंस."

"तो बॅनरवरचो फोटो तुझो बरो नाय इलो. डोळे पुसतेलो."

"खवल गेला होता डोळ्यात."

"माका म्हायत आसा," पद्मावती म्हणाली. "मी चाळीस वर्षां पुसतंय."

सोमवारी पहाटे वर्षाली निघाली तेव्हा आई तयार होऊन बसली होती. पाटी उचलता येणार नव्हती, पण तोंडाला पट्टी घातलेली नव्हती. ती लेकीच्या शेजारी ओट्यावर पाट टाकून बसली. पहिला मोबाइलवाला पुढे आला तशी तिने त्याला विचारलं, "काय होया? बांगडो की सुरमय?"

"फोटो..."

"फोटो खाव्चो आसा? सर मगे बाजूक. मागे गिऱ्हाईक थांबलाहा."

तो सरला. दुसराही सरला. एकाने 'हिचा संघर्ष' म्हणून सुरुवात केली, त्याला पद्मावतीने एवढं सुनावलं की तो जाताना खरोखरच एक किलो सुंगटं घेऊन गेला. आठवड्याभरात गर्दी पांगली. कट्ट्याची म्हातारी परत आली, कुडाळचं एक नवं गिऱ्हाईक जोडलं गेलं. लक्ष्मीकाकीने एका सकाळी न विचारता स्वतःच्या घरचा चहा वर्षालीपुढे ठेवला, आणि ते भांडण तिथेच मिटलं. फोन यायचे तेही कमी झाले. देशाला रडायला दुसरं कुणीतरी मिळालं असावं.

वर्षालीचा हात आता बऱ्यापैकी बसलाय. लिलावात ती केस सावरत नाही. संध्याकाळी कधीतरी शाळेच्या पुळणीवर जाते, पोरी खेळत असतात ते बघते, आणि राहवलं नाही तर ओरडून सांगते, पाय कुठे ठेवायचा ते. शिकवायला लागा म्हणून गावाने लकडा लावलाय. तिने अजून हो म्हटलेलं नाही, कारण हो म्हटलं की आधी उद्घाटन होणार हे तिला माहीत आहे.

पण वैताग काही संपला नाही. पद्मावतीच्या तोंडाची कीर्ती हळूहळू पसरली. मे महिन्यात पर्यटक आले ते तिच्या शिव्या ऐकायला. पद्मावती आधी चिडली, मग सरावली, आणि आता, हे वर्षालीने स्वतः पाहिलंय, बाजारात निघताना आरशासमोर उभी राहून कुंकू नीट करते. वर्षालीने विचारलं तर म्हणते, "गिऱ्हाइकाक बरा दिसाक होया."

परवा पुण्याचं एक कुटुंब आलं. बाई वर्षालीसमोर उभी राहिली, तिला आपादमस्तक बघितलं. वर्षालीने सवयीने मान खाली घातली, फोटोत मावायच्या तयारीने.

"ताई, तुम्ही जरा बाजूला होता का?" बाई म्हणाली. "आजींचा व्हिडिओ घ्यायचाय."

पद्मावतीने पदर सारखा केला, घसा साफ केला आणि त्या बाईच्या नवऱ्याकडे वळली. "काय रे मेल्या, बायलेक मासो घेऊन देवची अक्कल नाय आनि मोबाइल घेऊन फिरतंस?"

सगळं कुटुंब खूश होऊन हसलं. वर्षाली बाजूला सरकली, तोंडातल्या तोंडात एक ठसठशीत शिवी पुटपुटली आणि समोरच्या बांगड्याचं पोट फाडलं.